वॉकर घेण्याआधी न्हाणीघराचं दार मोजा : पायात रॉड-प्लेट बसल्यानंतरच्या सामानाची पारख

परळला केईएम-टाटाच्या आसपास किंवा प्रिन्सेस स्ट्रीटवर (पाटीवर शामलदास गांधी मार्ग) सर्जिकलच्या दुकानात शिरलात की वॉकर, कुबड्या आणि कमोडच्या खुर्च्या छतापासून लटकलेल्या दिसतात. दुकानदार विचारतो, "पेशंटची उंची किती?" आणि लगेच एक चकचकीत वॉकर खाली उतरवतो. उंचीचा प्रश्न बरोबर आहे, पण तो तिसरा. पहिला प्रश्न, डॉक्टरांनी पायावर किती वजन टाकायला सांगितलंय? दुसरा, घरातलं सगळ्यात अरुंद दार किती इंचांचं आहे? या दोन उत्तरांशिवाय घेतलेलं सामान आठवड्याभरात गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामी येतं.

आधी वजनाचं. "रॉड टाकलाय, आता पाय पक्का" हा समज मुंबईभर पसरलेला आहे आणि तो घातक आहे. स्टीलची किंवा टायटॅनियमची प्लेट आणि रॉड हाडाचे तुकडे जागेवर धरून ठेवतात, हाड जुळवत नाहीत. स्लॅब ओतल्यावर खाली सेंटरिंग, म्हणजे टेकूची चौकट, असते तसंच हे, फक्त इथलं सेंटरिंग बऱ्याचदा आतच राहतं. हाड जुळायच्या आधी रोज हजार पावलांचा भार धातूवर पडत राहिला, तर पुन्हा पुन्हा वाकवलेल्या तारेसारखा तो थकतो आणि स्क्रू किंवा प्लेट मोडते. शेजारच्या काकांना तिसऱ्या दिवशी चालवलं म्हणून तुम्हालाही चालवतील असं नाही. नडगीच्या मधल्या भागात रॉड असेल तर वजन टाकायची परवानगी बरीच लवकर मिळू शकते. फ्रॅक्चर गुडघ्याच्या सांध्यात गेलं असेल आणि प्लेट असेल, तर ६ ते १२ आठवडे पाय टेकूही देत नाहीत.

डिस्चार्जच्या कागदावर हे आद्याक्षरांत लिहिलेलं असतं. एनडब्ल्यूबी म्हणजे वजन अजिबात नाही, पाय अधांतरी. टीटीडब्ल्यूबी म्हणजे तोल सांभाळायला बोटं नुसती टेकवायची. पीडब्ल्यूबी म्हणजे सांगितलेल्या किलोंइतकं, आणि एफडब्ल्यूबी म्हणजे पूर्ण. कागदावर यातलं काहीच नसेल तर वॉर्डमधून निघण्याआधी लिहून घ्या. "थोडं थोडं टाका" या सूचनेला मोजमाप नाही.

किलो सांगितले असतील तर घरचा वजनकाटा काढा, मात्र सुईचा. डिजिटल काटा आकडा गोठवतो, त्यामुळे दाब वाढला-कमी झाला तरी कळत नाही. चांगला पाय काट्याइतक्याच उंचीच्या पाटावर ठेवा, दोन्ही हात वॉकरवर, आणि ऑपरेशनचा पाय काट्यावर सावकाश दाबा. सांगितलेले २० किलो नेमके कसे लागतात ते पायाला समजायला दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, असे चार दिवस पुरतात. अंदाजाने टाकलेलं वजन सुरुवातीला बहुतेकांच्या बाबतीत जास्तच निघतं.

आता वॉकर. घडीचा साधा ॲल्युमिनियमचा वॉकर साधारण ९०० ते १,८०० रुपयांत मिळतो, वजन दोन-अडीच किलो. लोखंडी क्रोमचा स्वस्त असतो. त्याची भोकं आणि पाइपांची तोंडं मुंबईच्या दमटपणात एका पावसाळ्यात गंजतात आणि उंचीची बटणं अडकून बसतात. २०० रुपये वाचवण्यासाठी तो घेऊ नये.

घेताना तीन गोष्टी तपासा. उंची : माणूस सरळ उभा, हात सैल, तर वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीत यायला हवी. मग मुठीवर हात ठेवल्यावर कोपर २० ते ३० अंशांत वाकतं. जास्त उंच असेल तर खांदे कानांकडे चढतात, बुटका असेल तर पाठीला पोक येतो आणि दोन दिवसांत कंबर दुखू लागते. बटणं : चारही पायांचं बटण भोकातून पूर्ण बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. एखादं अर्धं आत असेल तर पाय अंगाच्या भाराने सरकून खाली जातो. घडी : उघडल्यावर दोन्ही बाजूंनी खटका वाजला पाहिजे. दुकानातच पाच वेळा उघडझाप करून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

सध्या दुकानदार हौसेने विकतात तो "टू-इन-वन" वॉकर, म्हणजे ज्याची डावी-उजवी बाजू आलटूनपालटून पुढे सरकते. दिसायला चतुर आहे. पण पाय टेकवायचा नसेल तर त्याचा सांधा लॉक केल्याशिवाय तो वापरूच नये, कारण एका पायावर उडी घेताना चौकट स्थिर राहिली पाहिजे. लॉक ढिला असेल तर परत करा. पुढे दोन चाकं असलेल्या वॉकरचंही तेच. तो वजन टाकायची परवानगी मिळालेल्यांसाठी आहे. एका पायावर चालणाऱ्याच्या हातून तो पुढे पळतो.

आणि दार. प्रौढांच्या वॉकरची रुंदी मुठींपाशी कमी आणि जमिनीपाशी जास्त असते. खाली २२ ते २४ इंच धरून चला. चाळींतल्या आणि जुन्या इमारतींतल्या न्हाणीघराचं दार पुष्कळदा दोन-सव्वादोन फुटांचं, त्यात चौकट, त्यात पूर्ण न उघडणारी कडी. शिवाय दारात तीन-चार इंचांचा उंबरठा. मापाची पट्टी घेऊन दार जमिनीपासून सहा इंचांवर मोजा आणि तो आकडा घेऊन दुकानात जा. वॉकर बसत नसेल तर तो आडवा करून, कुशीवर वळवून आत शिरायचा प्रयत्न करू नका, पुष्कळ जण तिथेच पडतात. बाहेरच्या खोलीत वॉकर, आणि न्हाणीसाठी दाराबाहेर ठेवलेल्या खुर्चीवर बसून मागे सरकत आत जाणं, हा जास्त खरा उपाय आहे.

कुबड्या की कोपराच्या काठ्या, या प्रश्नावर आमचं मत थोडं लोकमताविरुद्ध आहे. काखेतल्या कुबड्या लोकांना जास्त सुरक्षित वाटतात, कारण त्यांवर लोंबकळता येतं. नेमकं तेच करायचं नसतं. काखेतून हाताकडे जाणाऱ्या नसा दबल्या तर मनगट खाली लोंबू लागतं आणि पायाच्या दुखण्यात हाताचं दुखणं येतं. भार तळहातांवर, कुबडीची गादी छातीच्या कडेला बरगड्यांशी नुसती चिकटलेली, आणि काख व गादी यांत दोन-तीन बोटांची फट. उंचीतून ४० सेंटिमीटर वजा केले की कुबडीची लांबी साधारण येते : १६५ सेंटिमीटरच्या माणसाला १२५. टोकं पावलापासून अर्धा फूट बाजूला आणि तितकीच पुढे ठेवून मग फट तपासा. गादी टोचते म्हणून टॉवेल गुंडाळणारे पुष्कळ असतात. गुंडाळा, पण मग कुबडी एक भोक खाली घ्या, नाहीतर गुंडाळलेला टॉवेलच काखेत घुसतो. लाकडी किंवा जुन्या पद्धतीच्या कुबडीत विंग नट (पंख असलेले नट) असतात, ते रोज सकाळी हाताने आवळावे लागतात.

कोपराच्या काठ्या (दुकानात "एल्बो स्टिक" म्हणा) जोडीला साधारण १,२०० ते २,५०० रुपये. हातांत ताकद असलेल्या, पन्नाशीच्या आतल्या माणसाला या जास्त उपयोगी : जिन्यात आवरत्या, रिक्षात मावणाऱ्या, आणि हात मोकळा करून दाराची कडी काढता येते, काठी कोपराला लटकून राहते. हात अडकवायचं कडं कोपराच्या खाली दोन बोटं असावं. कोपराच्या सांध्यावर आलं तर हात वाकत नाही, फार खाली असलं तर आधार राहत नाही. सत्तरीतल्या आईला मात्र या देऊ नयेत. तिला वॉकरच.

मुंबईत एकट्या वॉकरवर भागत नाही, कारण वॉकर जिन्यावर चालत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला तपासणीसाठी खाली उतरावंच लागतं. चढताना चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा पाय आणि काठ्या. उतरताना काठ्या आणि ऑपरेशनचा पाय आधी, मग चांगला. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी, दुसरी काठी मागच्या माणसाकडे. सोबतचा माणूस चढताना मागे आणि उतरताना पुढे, म्हणजे नेहमी खालच्या पायरीवर. पाय अजिबात टेकवायचा नसेल आणि दम लागत असेल तर लाज न बाळगता पायरीवर बसा आणि चांगल्या पायाने रेटत, पाठमोरं, एक-एक पायरी वर सरका. तीन मजल्यांना वीस मिनिटं लागतील. लागू देत.

या सगळ्या सामानातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे तळाचं रबर. दुकानात कोणी "बूट" म्हणतं, कोणी "बुश". ३० ते ८० रुपयांचा नग, आणि पडणं किंवा न पडणं बहुतेक त्याच्यावर ठरतं. चांगल्या रबराच्या तळाला गोल कडा उठून दिसतात आणि आत पाइप टेकतो तिथे लोखंडी चकती असते. चकती नसली की पाइपाची धार रबर आतून कापते. बाहेरून नवं दिसणारं रबर मग एक दिवस आरपार जातं आणि उघडा ॲल्युमिनियम लादीवर येतो. म्हणून आठवड्यातून एकदा रबर काढून आत बोट घालून बघा. तळाच्या कडा एका बाजूने झिजल्या असतील तर कुबडी तिरकी टेकवली जातेय, म्हणजे उंची किंवा चाल चुकतेय.

बदली आणताना जुनं रबर सोबत न्या. कुबडीचा पाइप आणि वॉकरचा पाइप एकाच व्यासाचे नसतात, आणि दुकानदाराचा "बसतं हो, सगळ्याला बसतं" हा भरवसा निम्म्या वेळा खोटा ठरतो. ढिलं रबर चिखलात निघून राहतं. घालताना गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवा आणि पिळत चढवा. साबण लावला तर सहज चढतं आणि तितकंच सहज निघतं. एक जोडी घरात जास्तीची ठेवाच.

ओल्या मार्बलवर, मोझेकवर किंवा गुळगुळीत टाइलवर नवं रबरसुद्धा घसरतं, कारण मध्ये पाण्याचा पातळ थर येतो. जून ते सप्टेंबर बाहेरून आल्यावर दारातच थांबून चारही टोकं फडक्याने पुसा. दारातलं पायपुसणं मात्र उचलून ठेवा. रबर त्याला धरतं आणि पायपुसणं लादीवरून सरकतं, म्हणजे दोघं मिळून निघतात. सतरंज्या, चार्जरच्या वायरी, गॅस सिलिंडरची ट्रॉली, सगळं महिनाभर बाजूला.

न्हाणीघर आणि संडास हा भाग दुकानदारांना सगळ्यात कमी कळतो. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायचं कमोड स्टूल घेताना भांड्याचं माप न्या. नेहमीचं ओरिसा पॅन साधारण ५८ बाय ४४ सेंटिमीटर असतं. स्टुलाचे पाय त्याच्या बाहेर, सपाट लादीवर यायला हवेत. एक पाय भांड्याच्या उताराच्या काठावर टेकला तर स्टूल डुगडुगतं आणि बसताना तिरकं होतं. बैठकीची उंची गुडघ्यामागच्या घडीइतकी, खुब्याचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून थोडी जास्त. वरून खाली पडणाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात, म्हणून खाली निमुळतं बिनबुडाचं भांडं लटकवायची सोय असलेलं मॉडेल चारशे-पाचशे जास्त देऊन घ्या. चाळीत गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास असेल तर पहिले काही आठवडे बादली असलेली कमोडची खुर्ची खोलीतच ठेवणं शहाणपणाचं. साधारण २,००० ते ३,५०० रुपये. घरातल्यांना बादली उचलायचा संकोच वाटतो, रात्री दोन वाजता ओल्या गॅलरीतून कुबड्यांवर जाण्यापेक्षा तो परवडतो.

टाइलवर चिकटवायचे व्हॅक्यूमचे हँडल ऑनलाइन स्वस्तात मिळतात. आमच्या मते ते टॉवेल टांगायला ठीक आहेत. टाइलच्या सांध्यावर हवा शिरते आणि अंगाचा भार आला की ते निखळतात, तेही नेमके उठताना. स्टीलचा स्क्रूने बसवायचा दांडा घ्या, आणि सुताराला विचारा भिंत विटांची आहे की पोकळ ब्लॉकची. ब्लॉकमध्ये साधे प्लॅस्टिकचे गट्टे धरत नाहीत. टॉवेलच्या दांड्याला किंवा नळाला धरून उठणं तर सोडूनच द्या.

आंघोळीला जखम झाकायची तयार प्लॅस्टिकची पिशवी मिळते, तोंडाला रबराची पट्टी असलेली. ठीक आहे. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, जखम कोरडीच ठेवायची असते. त्या काळात ओल्या कपड्याने अंग पुसणं पुरतं. पट्टी पोटरीला इतकी घट्ट बांधू नका की बोटं निळी पडतील.

गुडघ्याचा ब्रेस, म्हणजे गुडघा धरून ठेवणारा पट्टा, कोणता, हे दुकानदाराने नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. बिजागरी आणि अंशांची चकती असलेला ब्रेस असेल तर चकतीची पिन कितीवर लावायची ते लिहून घ्या. मुंबईच्या घामात ब्रेस तासाभरात खाली घसरतो आणि बिजागरी गुडघ्याच्या खाली येते, मग ती काही कामाची नाही. आत सुती स्टॉकिनेट (मोज्यासारखं नळीदार कापड) घाला, दोन जोड, रोज धुतलेला. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढले की पकड परत येते.

व्हीलचेअर विकत घेऊ नका. दीड-दोन महिन्यांपुरतीच लागते आणि मग माळ्यावरही मावत नाही. पाय सरळ ठेवायचा असेल तर उचलता येणारा पायांचा आधार असलेलीच भाड्याने घ्या, आणि घ्यायच्या आधी लिफ्ट मोजा. जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्टमध्ये पाय लांब केलेली खुर्ची बहुतेक मावत नाही. दादर, गिरगाव, पार्ले, डोंबिवली अशा भागांत अनेक मंडळं आणि ट्रस्ट रुग्णोपयोगी साहित्य अनामत ठेवून नाममात्र भाड्याने किंवा मोफत देतात. तिथून आणलेल्या सामानाचं रबर, बटणं आणि ब्रेक मात्र स्वतः तपासा. रबर तर न बघताच बदला.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं काम कसं ओळखावं? जो पहिल्या दिवशी डिस्चार्जचा कागद आणि एक्स-रे मागतो, वजनाची सूचना वाचतो, तुमच्याकडून दारापर्यंत चालवून घेतो आणि व्यायाम तुमच्या हातून करून घेतो, तो ठेवा. जो मशीनच्या वायरी लावून वीस मिनिटं मोबाइल बघतो, त्याला पैसे देऊन निरोप द्या. एक गोष्ट त्याला स्वतःहून सांगा : धातू असलेल्या जागी शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे मशीनच्या लहरींनी आतून दिलेला, शेक द्यायचा नसतो. त्या लहरींनी धातूभोवतीची ऊती आतून भाजू शकते, आणि बाहेरून कातडीला फारसं कळत नाही. हाजी अलीची केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन १९५५ पासून याच विषयात काम करते. तिथे फिजिओथेरपीपासून ब्रेस आणि कृत्रिम अवयवांपर्यंत सगळं एका छताखाली आहे, फक्त ओपीडीसाठी अख्खी सकाळ काढावी लागेल.

पोटरी एकाच बाजूने सुजून दुखू लागली, दम लागला, छातीत दुखलं, किंवा जखमेतून पू आला, ताप चढला, तर हे सगळं सामान बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तंबाखू, मिश्री, गुटखा आणि सिगारेट हाड जुळेपर्यंत बंद. निकोटिनने हाडाला होणारा रक्तपुरवठा आखडतो. हे विकत काही घ्यावं लागत नाही, म्हणून दुकानात कोणी सांगत नाही.

बिलाबाबत : आरोग्य विम्यात वॉकर, काठ्या, ब्रेस या वस्तू बहुतेक वेळा वगळलेल्या असतात, तेव्हा त्या पैशांवर विसंबू नका. पण हॉस्पिटलच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे, म्हणजे आत बसवलेल्या रॉड-प्लेटचे, स्टिकर लावलेले आहेत का ते निघतानाच बघा आणि त्यांचा फोटो काढून ठेवा. कंपनी, माप आणि बॅच त्यावर असते. पुढे कधी प्लेट काढायची वेळ आली तर स्क्रूच्या डोक्याला कुठला स्क्रूड्रायव्हर लागतो हे सर्जनला आधीच कळतं. नाहीतर तो ऑपरेशनच्या टेबलावर शोधावा लागतो.

शेवटी एक काठी उरते, तीही सगळे चुकीच्या हातात धरतात. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात, आणि टेकवायची ऑपरेशनच्या पायाबरोबर. पूर्ण वजनाची परवानगी मिळाल्यावर साधी लाकडी काठी १५० रुपयांची पुरते. चार पायांची, तळाला चौकट असलेली काठी जिन्याच्या अरुंद पायरीवर पूर्ण टेकत नाही आणि एक पाय हवेत राहतो. ती सपाट घरापुरतीच. वॉकर तोपर्यंत रिकामा झालेला असतो. रबर नवं घालून, चारही पाय सगळ्यात खालच्या भोकावर आणून तो साहित्य केंद्रात देऊन टाका.